प्लेसमेंट, नदीकाठच्या दवाखान्यात

ऑस्ट्रेलियात नर्सिंगची पदवी पूर्ण करायची तर किमान ८०० तास प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यातलं प्रशिक्षण, करावी लागते, तीही बिनपगारी. मिरजेला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करताना आम्ही त्याला पोस्टिंग म्हणायचो आणि इन्चार्ज सिस्टर सांगतील त्या वॉर्डात निमूट उभ्या राहायचो. इथे विद्यापीठाचं प्लेसमेंट ऑफिस आधी पसंती विचारतं आणि मग त्यांना जमेल ते देतं. मेलबर्नमधल्या आमच्या वर्गातल्या भारतीय मुलींची पसंती ठरलेली असायची: शहरातलं मोठं हॉस्पिटल, सर्जिकल नाहीतर इमर्जन्सी. पुढे ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या, म्हणजे नव्या नर्सच्या पहिल्या नोकरीच्या, मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, असं सीनियर सांगतात. मी यादीत खाली एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, आरोग्य केंद्रही टाकलं होतं. मिरजेला असताना वॉर्डापेक्षा मला खेड्यातलं पोस्टिंग आवडायचं, एएनएम ताईंबरोबर घरोघरी हिंडायला मिळायचं, एवढंच त्यामागचं कारण. मिळालं नेमकं तेच.

केंद्र उत्तर व्हिक्टोरियात, मरे नदीच्या परिसरात, यॉर्टा यॉर्टा या ॲबोरिजिनल लोकांच्या भूमीवर. केंद्राचं किंवा तिथल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. लिहायला हरकत नाही पण नावं नकोत, असं तिथून निघताना सांगितलं गेलंय.

कागदपत्रांचा भाग उरकून टाकते, कारण तो कुठल्याही प्लेसमेंटला सारखाच: पोलिस चेक, लहान मुलांबरोबर काम करण्याचा परवाना, हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडीजचा रिपोर्ट, टीबीची तपासणी, फ्लूची लस. खरी अडचण पैशांची. स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं आणि प्लेसमेंटचे तास त्यात धरत नाहीत. कागदावर छान वाटतं. पण मेलबर्नच्या वृद्धाश्रमातल्या शिफ्ट सोडून दूरच्या गावात राहायचं म्हणजे इकडे घरभाडं चालू, तिकडे खोलीचं भाडं चालू आणि पगार शून्य. जुलै २०२५ पासून सरकार प्लेसमेंटच्या काळात आठवड्याला ठरावीक पैसे (सुरुवातीला ३३१.६५ डॉलर) देऊ लागलंय, तेही उत्पन्न वगैरे बघून, आणि ते इथल्या विद्यार्थ्यांना. आपल्याला नाही. जाणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

वेगळी गोष्ट पुढे होती. विद्यापीठाने नाव पाठवलं म्हणून केंद्र घेतंच असं नाही. त्यांनी आधी व्हिडिओ कॉल लावला. समोर केंद्रातली हेल्थ वर्कर आणि तिच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्या वडीलधाऱ्या म्हणून सगळे त्यांना आंटी म्हणत होते. माझे मार्क, अनुभव वगैरे कुणी विचारलं नाही. आंटींनी विचारलं, "तू कुठली? तुझी माणसं कोण?" मी सांगली म्हटलं, कृष्णा नदी म्हटलं, आजीचं गाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्याबद्दल काय ऐकलंयस?"

"वर्गात आकडे ऐकलेत."

"आणखी?"

"आकडेच."

दोघी हसल्या. "बरं," आंटी म्हणाल्या, "ये मग."

आकडे खोटे नव्हते. २०२०–२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) पुरुषाचं अपेक्षित आयुष्य ७१.९ वर्षं आणि स्त्रीचं ७५.६, बाकीच्यांपेक्षा पुरुष ८.८ आणि स्त्रिया ८.१ वर्षांनी मागे. हे आमच्या प्रत्येक लेक्चरच्या पहिल्या स्लाइडवर असायचं. मात्र हे लोक आपले दवाखाने स्वतः चालवतात, हे एका स्लाइडच्या कोपऱ्यात होतं.

तिथे गेल्यावर डोक्यात बसलं ते हेच आधी. सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली पहिली ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस निघाली. तेव्हा देशात सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यविमा नव्हता, तो १९७५ ला आला. डॉक्टरची फी परवडत नव्हती, आणि परवडली तरी दवाखान्यात वागणूक कशी मिळेल याचा भरवसा नव्हता. लोकांनी स्वतः जागा धरली आणि डॉक्टरांना बोलावलं. फ्रेड हॉलोज हे नेत्रतज्ज्ञ त्या सुरुवातीच्या मदत करणाऱ्यांपैकी. १९७३ ला मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये तसंच केंद्र झालं, आणि आज देशभरात अशी १४० हून अधिक केंद्रं आहेत. बोर्डावर त्या समाजातलीच, सभासदांनी निवडून दिलेली माणसं असतात. डॉक्टर आणि नर्स त्यांचे नोकर.

मला हे पचायला वेळ लागला, कारण आपल्याकडचं चित्र उलटं. आदिवासी आरोग्य म्हटलं की डोळ्यांसमोर गडचिरोली येते, शोधग्राममधले बंग दांपत्य येतात, हेमलकशाचे आमटे येतात. मोठीच कामं आहेत ती, त्यावर मी काय बोलणार. पण आपल्या मनातल्या गोष्टीत कुणीतरी शहरातून तिकडे जातं. इथे ज्यांचा आजार त्यांनीच दवाखाना काढला, आणि आता मला ठेवायचं की नाही हे आंटी ठरवत होत्या.

सुरुवातीला मला क्लिनिकमध्ये घेतलंच नाही, बसमध्ये बसवलं. केंद्राची छोटी व्हॅन रोज माणसांना घरून आणते आणि सोडते. चालक साठीचे, गावातल्या प्रत्येक घराची खबर असलेले. कोण आज येणार नाही, का येणार नाही, कुणाच्या घरी नातवंडं मुक्कामाला आलीत, कुणाचं फ्रिज बंद पडलंय म्हणजे इन्सुलिन कुठे ठेवलं असेल, हे सगळं त्यांच्याकडून कळायचं. आपल्या आशाताई आणि एसटीचा कंडक्टर एकाच माणसात. मी मागच्या सीटवर, काम काही नाही. वही काढली तर ते आरशातून बघून म्हणाले, "लिहू नको, ऐक."

त्यांच्याकडूनच कमराग्युंजाची गोष्ट ऐकली. नदीच्या पलीकडे न्यू साउथ वेल्सच्या बाजूला ही ॲबोरिजिनल वसाहत. तिथल्या सरकारी व्यवस्थापकाच्या जाचाला आणि हालअपेष्टांना कंटाळून ४ फेब्रुवारी १९३९ रोजी दीडशेहून अधिक माणसं घरंदारं सोडून बाहेर पडली आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आली. चालकांच्या घरचेही त्यात होते. याच लोकांनी पुढे जमिनीचा दावा लावला, तर २००२ ला हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फेटाळला. परंपरेशी सलग नातं राहिलं नाही, असं कारण. "आधी हाकललं," ते म्हणाले, "मग विचारलं, इथे का नव्हतात?" हे सांगताना व्हॅन एका घरापुढे उभी होती आणि ते हॉर्न न वाजवता थांबले होते. एक आजोबा आपल्या वेळेने बाहेर आले.

आणि एक गोष्ट आंटींनी सांगितली, ती मला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. त्या वसाहतीच्या शाळेतले मास्तर थॉमस शॅड्रॅक जेम्स हे मूळ भारतीय आईबापांचे, जन्म मॉरिशसचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आधी जवळच्या मलोगा मिशनला आणि मग कमराग्युंजाला त्यांनी शिकवलं, यॉर्टा यॉर्टा मुलीशी लग्न केलं आणि तिथलेच झाले. २६ जानेवारी १९३८ ला, गोऱ्यांच्या आगमनाच्या दिवशी, ॲबोरिजिनल लोकांनी शोकदिन पाळण्यामागे ज्यांचा पुढाकार होता ते विल्यम कूपर, आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झालेले डग निकोल्स, हे त्यांच्या हाताखाली शिकलेले. "म्हणजे तुमच्याकडचं माणूस आधीच येऊन गेलंय," आंटी म्हणाल्या. "बघू, तू कशी निघतेस."

यानंतर क्लिनिक. तिथलं मुख्य काम म्हणजे ७१५. मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याच्या, दरपत्रकातला हा क्रमांक, ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांच्या वार्षिक तपासणीचा. तिथे लोक क्रमांकानेच बोलतात, "माझं ७१५ राहिलंय." रक्तदाब, वजन, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन, मुलांचे कान, दात, डोळे, लसी, झोप, मन, घरात माणसं किती, भाडं थकलंय का, सगळं. मिरजेच्या ओपीडीत अशा तपासणीला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. इथे हेल्थ वर्कर एकेका माणसाबरोबर तास-दीड तास बसायची, आणि त्यातला पहिला मोठा भाग तब्येतीबद्दल नसायचाच. फुटबॉल, मासेमारी, कुणाच्या मुलीचं बाळ. याला रीतसर नाव आहे, क्लिनिकल यार्निंग: आधी माणसाशी नातं जोडायच्या गप्पा, मग आजाराची गोष्ट त्याच्या शब्दांत, मग उपायाबद्दल बोलणं. वर्गात मी ही तीन पावलं पाठ केली होती. प्रत्यक्षात पावलं दिसत नाहीत. मासे कुठे मिळतात यावर बोलता बोलता ते आजोबा म्हणाले की हल्ली काठावरून खाली उतरताना पाय कळत नाहीत, आणि हेल्थ वर्करने सहज बूट काढायला सांगितले. नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासली तर दोन्ही अंगठ्यांना काही कळत नव्हतं. याच माणसाच्या फायलीत गेल्या वर्षी एका हॉस्पिटलने लिहिलं होतं, "पायाची तक्रार नाही."

ही हेल्थ वर्कर म्हणजे ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर. २०१२ पासून हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, डॉक्टर-नर्ससारखाच, एकाच राष्ट्रीय व्यवस्थेखाली. आपल्या डोक्यात उतरंड पक्की असते: डॉक्टर, मग सिस्टर, मग एएनएम, मग आशा. त्या केंद्रात नवीन डॉक्टर आला तर तो आधी तिच्याकडे बघायचा, खोलीत शिरू का, विचारायला. आणि मला शिकवणारी रजिस्टर्ड नर्स, वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेली गोरी बाई, सरळ सांगायची, "औषधं माझ्याकडून शीक. माणसं तिच्याकडून."

जीएनएमला "आरोग्य शिक्षण दिले" असा एक रकाना केसबुकात भरावा लागायचा. फ्लिपचार्ट घ्यायचा, बाईंना झाडाखाली बसवायचं आणि मीठ कमी, तेल कमी, साखर बंद. ते बोलणं जिभेवर बसलेलं असतं. इथे वाक्याची सुरुवात "तुम्ही हे करायला पाहिजे" अशी झाली की समोरचा मान हलवतो, हो म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी माणूस दारात आला तो "पाहिजे" घेऊनच आलाय. काय खायचं, कुठे राहायचं, मुलं कुणी वाढवायची.

मुलांचा विषय तर असा की नर्स म्हणून तो कळल्याशिवाय तिथे एक दिवस काढता येत नाही. साधारण १९१० ते १९७० या काळात ॲबोरिजिनल मुलं सरकार आणि मिशनऱ्यांनी आईबापांपासून काढून नेली. १९९७ च्या चौकशी अहवालात अंदाज आहे, दहातलं एक ते तिघांतलं एक मूल. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. पण मुलं कित्येकदा हॉस्पिटलातूनच गेली, त्यामुळे नर्सचा युनिफॉर्म दिसला की पोटात गोळा येणाऱ्या बायका आजही आहेत. व्हिक्टोरियात मुलाला मारहाणीतून इजा किंवा लैंगिक अत्याचार होत असल्याचा सबळ संशय आला तर कळवणं नर्सवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे प्रत्येक आईला माहीत असतं.

एक तरुण आई बाळाला घेऊन आली होती. बाळाचा कान वाहत होता, बरेच दिवस. दारातच तिने विचारलं, हे कुणाकुणाला कळवणार? माझा युनिफॉर्म बघून विचारलं. मी काही बोलायच्या आत हेल्थ वर्कर बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी गेली, आणि तिथूनच म्हणाली, "तुझ्या आईचाही असाच वाहायचा, मीच धुतलाय." मग आई बसली. कान पुसून कोरडा कसा ठेवायचा, थेंब कधी घालायचे, श्रवणतपासणीची तारीख, हे सगळं नंतर दहा मिनिटांत झालं. मी कापसाची वात करून दाखवली, आमच्याकडे आजी करते तशी घट्ट पीळ देऊन, आणि तेवढ्यावर ती पहिल्यांदा हसली. तिने इथे येणं ही तिने घेतलेली काळजी होती. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी फायलीत "आणायला उशीर केला" असं पडलं असतं.

प्लेसमेंटच्या मधेच गावात एक मृत्यू झाला. मोठं कुटुंब, नाती सगळीकडे. याला तिथे सॉरी बिझनेस म्हणतात आणि त्यात सगळं थांबतं. अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या, अंत्यविधीच्या दिवशी तातडीच्या सेवेपुरती एक नर्स सोडून केंद्र बंद. मला हॉलच्या स्वयंपाकघरात पाठवलं. बटाटे सोलले, सँडविचं केली, चहाची मोठी किटली सांभाळली. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारणी काय करतात ते मला कुणी शिकवायला नको होतं; न विचारता भांडी घासायला घेतली. विद्यापीठाच्या फॅसिलिटेटरचा मात्र फोन आला: हे तास क्लिनिकल धरायचे का? तिचंही बरोबर होतं, तिला ८०० ची बेरीज वर दाखवायची असते. नर्सबाईंनी उत्तर लिहून दिलं. आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये सात स्टँडर्ड असतात आणि प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. दुसरं स्टँडर्ड आहे रुग्णांशी नातं जोडण्याबद्दल. तिने त्याच्याखाली लिहिलं की स्वयंपाकघरातल्या दिवसानंतर ज्या बायका विद्यार्थिनीसमोर बोलत नव्हत्या त्या बोलू लागल्या, आणि त्यातल्या एकीने तपासणीही करून घेतली. तास मंजूर झाले.

एका दुपारी आंटींबरोबर बाहेर बाकावर बसले होते. पुराचा विषय निघाला. ऑक्टोबर २०२२ ला त्यांच्या भागात मोठा पूर आला होता. मी ऑगस्ट २०१९ ची सांगली सांगितली, गच्चीवर अडकलेली माणसं, होड्या, नंतरचा तो चिखलाचा वास. वास म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इंग्रज तुमच्यावरही होते ना?"

"होते. पण गेले."

"आमचे राहिले," त्या म्हणाल्या. "आणि तू आलीस ती त्यांच्या दारातून. व्हिसा त्यांनी दिला, आम्ही नाही."

रागाने नव्हतं. माहिती दिल्यासारखं. पण मी तोवर मनात कुठेतरी स्वतःला त्यांच्या बाजूची धरून चालले होते. रंग सावळा, राज्य आमच्यावरही झालेलं, मग या भांडणात आपण गोऱ्यांच्या रांगेत नाही. तो हिशेब चालत नाही. मी इथे पैसे भरून आले, कदाचित पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेईन, घर घेईन, आणि ती जमीन कुणाची हे कागदावर कुठेच नसेल. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात या लोकांना संसदेपुढे आवाज, म्हणजे सल्ला देणारं मंडळ, द्यायला देशाने नाही म्हटलं, सुमारे ६० टक्क्यांनी. मला मत नव्हतं. ज्यांना होतं त्यात आपल्याकडचे लोकही होते, आणि गणपतीच्या मंडळात तेव्हा झालेल्या चर्चा मी ऐकल्यात.

मला त्या रात्री आठवले ते आपल्याकडचे पारधी. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांची सुटका १९५२ ला झाली, आणि तरी मी शिकत असताना वॉर्डात पारधी बाई दाखल झाली की शेजारच्या कॉटवरच्या बायका पर्स उशीखाली घ्यायच्या. कुणी तिला विचारत नसे, तुझी माणसं कोण? विचारलं तर ते पोलिसच विचारायचे.

शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरताना नर्सबाई माझ्यासमोर बसली आणि तिने हेल्थ वर्करलाही बसवलं. विद्यापीठाच्या नियमात तिची सही लागत नाही. गुण बरे मिळाले. एका मुद्द्यावर दोघींत वाद झाला. नर्सच्या मते मी पुढाकार कमी घेते. हेल्थ वर्करच्या मते तेवढाच बरोबर होता. शेवटी चार लिहिलं.

आता ज्युनियर मुली विचारतात. परवा नांदेडच्या एकीचा मेसेज आला: ताई, तिथे कॅन्युला लावायला मिळते का? नाही मिळत. फारशी कुठलीच नळी मिळत नाही. जखमांचं ड्रेसिंग भरपूर, मधुमेही पाय भरपूर, लसी, कान, इन्सुलिन सुरू करणं, आणि ॲबोरिजिनल रुग्णांसाठीची औषधांची सरकारी सवलत कशी नोंदवायची ते, ज्यात सवलतकार्ड नसलेल्याला सवलतीचा दर लागतो आणि सवलतकार्ड असलेल्याला औषध फुकट मिळतं. ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या मुलाखतीत मला सांस्कृतिक सुरक्षिततेवर प्रश्न आला तेव्हा मी त्या वाहणाऱ्या कानाबद्दल बोलले, नोकरी मिळाली. पण त्यासाठी जायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर ते ओळखतात. घरभाड्याचे पैसे आधी साठव, विद्यापीठाच्या पसंतीयादीची तारीख चुकवू नकोस, आणि "तुझी माणसं कोण" याचं उत्तर गुगल न करता देता येतंय का ते बघ.